एकतीस किलोमीटर

रविवारी सकाळी घरातलं आवरून झालं, की अजूनही माझे कान दाराकडे लागतात. वाटतं, आता कडी वाजेल आणि बाहेरून आवाज येईल, "मास्तरीणबाई, गाडी काढा. सुट्टी उतू चालली." कडी वाजत नाही. बाईंना जाऊन दीड वर्ष झालं. शिवाय ज्या घरात मी आता राहते, त्याची कडी बाईंनी कधी वाजवलेलीच नाही. तरी कान लागतात.

घोडेगावपासून थोड्या अंतरावरच्या एका वस्तीवर आमची दोन शिक्षकांची शाळा होती. बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली. नोकरीला लागले तेव्हा गावात माझ्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं, म्हणून बाईंनी आपल्या घरातली मागची खोली मला दिली. दिली म्हणजे विचारलं वगैरे नाही, माझी बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. बाई एकट्याच राहत. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, आणि त्यांच्याकडून बाईंना वळणदार अक्षर मिळालं होतं आणि खोटं न लिहिण्याची खोड. खोडच म्हणते, कारण तिच्यापायी आम्ही दोघींनी पुष्कळ सोसलं.

शाळेत जेवढी पोरं खिचडीला बसत, तेवढाच आकडा वहीत जायचा. एकदा साहेब तपासणीला यायचे होते आणि नेमकी त्याच दिवशी निम्मी वस्ती लग्नाला गेली. मी म्हटलं, "बाई, आजच्या दिवस हजेरी जरा भरून टाकू या." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वर्गाबाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. साहेब आले. एकोणीस पोरं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "बाकीची लग्नाला गेल्यात, साहेब. मलाबी बोलावनं हुतं, पन तुमी येनार म्हनून ऱ्हायले." साहेबांना हसावं की चिडावं कळेना. शेवटी खिचडी खाऊन गेले. ते गेल्यावर बाईंनी वहीतल्या एकोणीसचे वीस केले आणि पुढे कंसात लिहिलं, 'साहेब धरून'.

वर्गात बाई छापील बोलत. 'मुलांनो, आपण आज पाहणार आहोत' वगैरे. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की 'हाय-न्हाई' सुरू. आणि स्मरणशक्ती अशी, की शाळेतल्या प्रत्येक पोराची जन्मतारीख आणि रजिस्टरचा नंबर तोंडपाठ. वीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला एखादा मिशीवाला बाप्या दाखला मागायला यायचा. त्याने नाव सांगायच्या आत बाई त्याचा नंबर सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "पाढे झाले का रं पाठ?" तो बिचारा आपल्या बायकोसमोर लाजायचा.

पण बाईंची खरी कळा बघायची तर ती सुट्टीच्या दिवशी. "रोजचं काम सरकारचं, सुट्टीचं काम आपलं," असं त्या म्हणत. रविवारी सकाळी गावातल्या छोट्या चर्चमध्ये उपासना असे. ती संपेपर्यंत मी बाहेर लिंबाच्या सावलीत स्कूटी लावून थांबायची. आतून गाण्याचा आवाज यायचा, त्यात बाईंचा सगळ्यांच्या वर, आणि अर्धा सूर पुढे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असलं, म्हणजे मन स्वच्छ करून पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा असला, की उशीर व्हायचा. त्या दिवशी बाई बाहेर यायच्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं, नुकत्याच न्हाऊन आलेल्या बाईसारख्या. मग पदर खोचून मागच्या सीटवर एका अंगानं बसायच्या आणि मांडीवर पिशवी घ्यायच्या.

त्या पिशवीत काय असेल हे विचारायची सोय नव्हती. बाईंचा नियम असा, की दुकानदाराला वस्तूचं नाव सांगायचं नाही, मोडकी वस्तूच दाखवायची. "नाव सांगितलं की तो त्याच्याकडं हाय ते देतो. वस्तू दाखवली की आपल्याला पायजे ते देतो." त्यामुळे पिशवीत गळका नळ, तुटका चपलेचा पट्टा, कुकरचं झाकण, असलं काहीबाही. शेजारपाजारचे लोकही आपापली मोडतोड आणून द्यायचे. एकदा शेजारच्या आजोबांची कवळी दुरुस्तीला घेतली आणि आम्ही ती बांगड्यांच्या दुकानात काउंटरवर विसरून आलो. दोन तासांनी परत गेलो, तर बांगडीवाल्यानं ती काचेच्या कपाटात, मोत्याच्या सरांशेजारी नीट मांडून ठेवलेली. "कुनाची तरी असंल, हरवाय नको," म्हणाला. बाई परतीच्या वाटेवर इतक्या हसल्या की स्कूटी डुगडुगायला लागली आणि आम्ही दोघी कवळीसकट बाजरीच्या रानात गेलो.

आणि परतीची वाट म्हणाल, तर तीही सरळ नाही. गेल्या वाटेनं बाई कधी परत यायच्या नाहीत. सोनईला जायचं तर जाताना डांबरीनं आणि येताना कुठल्यातरी बांधाबांधानं. मी चिडायची. पेट्रोल जळतं, चाक बसतं, काटे भरतात. बाई म्हणायच्या, "जाताना बघितलं तेच येताना बघायचं? मंग निम्मीच सुट्टी झाली की." वाटेत वस्ती दिसली की गाडी थांबवायची, पाणी मागायचं आणि पाणी पिता पिता विचारायचं, "पोरं किती? शाळंत जात्यात का?" आमच्या शाळेतली निम्मी पोरं अशी तहान लागून मिळालेली होती. पण हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मला फक्त पंक्चर दिसायचं.

तीन वर्षं असे रविवार गेले. मग माझं लग्न झालं. नवराही शिक्षकच, त्यांची शाळा आणि घर देवळाली प्रवराच्या बाजूला. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे नवऱ्याला घर सोडून इकडे येता येईना. मी सोमवार ते शनिवार बाईंकडे आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी. मुलगा झाला. बाळंतपणाची रजा संपली, मग मिळाली तेवढी बिनपगारी रजाही संपली. दिवसभर त्याला सांभाळायला इकडे कुणी नव्हतं, म्हणून तो दीड वर्षाचा झाल्यावर सासूबाईंपाशी ठेवला.

एका शनिवारी घरी गेले, तर तो पडला होता, गुडघा खरचटला होता. मी हात पुढे केले. तो मला ओलांडून सासूबाईंकडे गेला आणि त्यांना मिठी मारून 'आई, आई' म्हणून रडायला लागला. सासूबाई ओशाळल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले. सोमवारी बाईंना हे सांगितलं तेव्हा मला रडू आवरेना. त्या दिवशी त्यांनी माझे दोन वर्गही आपल्याच वर्गात घेऊन बसवले.

त्याच वर्षी बदल्यांचे ऑनलाइन अर्ज निघाले. दोघांच्या शाळांमधलं अंतर जवळच्या रस्त्यानं तीस किलोमीटरच्या वर असेल, तर नवरा-बायको म्हणून माझा आधी विचार होणार होता. तीसच्या आत असेल तर मला रांगेत किती वर्षं काढावी लागतील ते सांगता येत नव्हतं. अंतराचा सरकारी दाखला नंतर, पण त्याआधी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र लागायचं: 'माझ्या माहितीप्रमाणे जवळच्या रस्त्याने अंतर इतके इतके.' म्हणजे बाईंचं. मी कधी मोजलेलंच नव्हतं. एसटीत बसून कोण मोजतं?

मुख्याध्यापकांच्या हातात वर्षाला एक-दोन सुट्ट्या असतात, त्या हव्या तेव्हा देता येतात. बाईंनी त्यातली एक जनावरांच्या बाजाराच्या दिवशी दिली. तशीही त्या दिवशी पोरं म्हशींमागे जायची. सकाळी शाळेच्या फाटकापाशी मी स्कूटीच्या मीटरचा फोटो काढायला मोबाईल काढला. बाई म्हणाल्या, "फोन हे विसरायचं यंत्र हाय. पाटीवर लिव्ह." शाळेतलीच एक पाटी घेऊन त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात आकडा लिहिला आणि ती पिशवीत ठेवली. सकाळी सकाळी वाद नको म्हणून मी मोबाईल ठेवून दिला. पिशवीत कुकरचं झाकण होतं आणि काडी तुटलेला बाईंचा चष्मा होता. पण जाताना कुठे थांबायचं नाही, सरळ मोजत जायचं, कामं येताना, असं मी बजावलं होतं.

शिंगणापूरवरून, ब्राह्मणीवरून, राहुरीवरून आम्ही मोठ्या रस्त्यानं नवऱ्याच्या शाळेपाशी पोहोचलो. वाटभर बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, मी जाणार म्हणून वाईट वाटतंय. मलाही वाटत होतं. शाळेसमोर मी मीटर बघितलं आणि पाटी मागितली. बाईंनी पिशवीतून पाटी काढली. पाटी कोरी. पाण्याची बाटली तिरकी होऊन सगळं पुसलं होतं.

माझं डोकं फिरलं. "म्हणून मी फोटो काढत होते! आणि बाई, आठवत कसा नाही तुम्हाला आकडा?"

"न्हाई आठवत, पोरी. म्हातारी झाले."

"सगळ्या दुनियेच्या जन्मतारखा आठवतात, आणि माझ्याच वेळी बरं विसरता!"

असं बोलले मी. रस्त्यावर, नवऱ्याच्या शाळेतली पोरं खिडकीतून बघत असताना. बाई खाली बघून पदरानं पाटी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता जाताना मोज की. फोटो काढ या वक्ताला. आल्या वाटेनंच जाऊ."

राहुरीत रस्त्यालगतच्या दुकानांत कामं उरकली. तीही धड झाली नाहीत. चष्मेवाल्यानं डाव्या काडीच्या जागी उजवी बसवली, आणि कुकरची रिंग घेऊन झाकण दुकानातच राहिलं, ते पळत जाऊन आणलं. एरवी आम्ही यावर आठवडाभर हसलो असतो. राहुरीच्या पुढे फाट्यावर उसाची ट्रॉली उलटली होती आणि दोन्हीकडे गाड्या अडकल्या होत्या. एक माणूस गाड्यांना हात करत होता. "ताई, पाटानं जा. आता वाट झालीये, लवकर पोचाल." मुळा धरणाचा पाट तिथून आमच्या बाजूला जातो आणि त्याच्या कडेनं मातीची वाट होती, एवढंच मला ठाऊक होतं. मी हॅन्डल वळवलं. तोच बाईंचा हात माझ्या खांद्यावर घट्ट बसला.

"न्हाई. मोजायचंय ना? मोठ्या रस्त्यानंच."

"अहो, तासभर तरी..."

"थांबू."

दीड तास थांबलो. बाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होत्या. लोक ट्रॉलीतला ऊस ओढून खात होते, एकीनं बाईंपुढेही कांडं धरलं. त्यांनी घेतलं, पण खाल्लं नाही. शाळेच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा मीटरनं दाखवलं: एकतीस. मी आनंदानं बाईंच्या गळ्यातच पडले. सकाळचं बोलणं मी तेवढ्यात विसरूनही गेले होते.

संध्याकाळी पत्र लिहून सहीसाठी पुढे ठेवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. प्यायला पाणी मागितलं. मग सही केली आणि शिक्का मारला. शिक्का तिरका पडला. बाईंचा शिक्का मी कधी तिरका पडलेला पाहिला नव्हता. सरकारी दाखल्यातही पुढे एकतीसच आलं, आणि मला नवऱ्याच्या जवळची शाळा मिळाली.

निरोपाच्या दिवशी बाई पाच मिनिटं बोलल्या, तेही छापील. त्यानंतर मी फोन करायची. "बरी हाय. पोरगं कसंय? ठेवते," यापुढे गाडी जायची नाही. मला वाटलं, मी सोडून आले म्हणून रागावल्या. मलाही राग आला. एवढं काय? लेकरासाठीच गेले ना मी? माझं पोर मला आई म्हणायला लागलं होतं, त्याच्यामागे धावताना दिवस पुरत नव्हता, आणि भेटायला जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करता करता दोन वर्षं गेली. मधेच बाई रिटायर झाल्या. त्यांच्या सत्कारालाही मी गेले नाही, मुलाला ताप होता. ताप खरा होता, पण उतरत आला होता.

मग एका शनिवारी सुट्टी काढून आम्ही तिघं मोटारसायकलवर निघालो. बाईंना लेकरू दाखवायचं होतं. राहुरीच्या पुढे गेलो आणि लक्षात आलं, आज शनी अमावस्या. शिंगणापूरच्या रस्त्यावर मुंगीला वाट नव्हती. नवऱ्यानं गाडी पाटाला घातली. वाट आता चांगली मुरमाची झाली होती. मधे मुलाला तहान लागली म्हणून एका वस्तीवर थांबलो. तांब्या घेऊन आलेल्या बाईला सहज सांगितलं, कुठे चाललोय ते.

"बाईंकडं व्हय?" तिचा चेहरा फुलला. "लई वर्सांपासून येत्यात त्या हितनं. माझ्या दोन्ही पोरी त्यांनीच शाळंत घातल्या. पार राहुरीपत्तुर पायी जायाच्या पाटानं, पोरं हुडकत."

जुन्या शाळेच्या फाटकाशी नवऱ्यानं गाडी थांबवली आणि मीटरकडे बघून म्हणाले, "माझ्या शाळेपासून इथवर अठ्ठावीस."

मी उतरले आणि फाटकाला धरून उभी राहिले. पाटी पाण्यानं पुसली गेली नव्हती, बाईंनी पुसली होती. आकडा त्यांना पाठ होता. परत मोजायचं निमित्त केलं नसतं, तर आम्ही नेहमीसारखे दुसऱ्या वाटेनं परतलो असतो, आणि त्या बाजूला दुसरी वाट पाटाचीच होती. मी मीटर बघितलं असतं. सरकारच्या यादीत पाटाची वाट हा रस्ताच नव्हता, त्यामुळे दाखला काही खोटा नव्हता. पण बाईंच्या पायांना ती वाट माहीत होती, आणि त्यांनी 'माझ्या माहितीप्रमाणे' याच्याखाली सही केली होती. खरं लिहिलं असतं, तर मी त्यांच्याजवळ राहिले असते. त्यांना दुसरं कोण होतं?

घरी गेलो. बाई वाळल्या होत्या. मुलाला जवळ घेऊन त्यांनी त्याची जन्मतारीख म्हणून दाखवली, तो खिदळला. चहा झाला. मग बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुठनं आलात?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण आभार मानायचे, तर आधी 'तुम्ही खोटं लिहिलंत' असं म्हणावं लागलं असतं. बाईंना, तोंडावर. मला ते जमेना. त्यांची लाज राखावी असं वाटलं. मी म्हटलं, "मोठ्या रस्त्यानं."

"आज गर्दी असंल."

"होती. पण लवकर निघालो होतो."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. जरा वेळ मुलाच्या केसांतून हात फिरवत बसल्या आणि मग म्हणाल्या, "जेवून जावा." आम्ही जेवलो. निघताना त्या फाट्यापर्यंत चालत आल्या आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभ्या होत्या. मला वाटलं, चांगलं केलं मी. मोठेपणानं वागले.

सहा महिन्यांनी बाई गेल्या. मातीला मी गेले होते. सगळं झाल्यावर गावातल्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "दोन-अडीच वर्षं झाली, बाई प्रभुभोजनाला पुढं येत नव्हत्या. मागच्या बाकावर बसून ऱ्हायच्या. आमी लई विचारलं. म्हनायच्या, 'माझ्या हातनं एक खोटं झालंय. एका पोरीला सांगायचं हाय. ती आली की सांगते, मंग येते पुढं.'"

मी विचारलं, "मग?"

"ती येऊन गेली म्हनल्या. पन बोलनं निघालं न्हाई म्हनल्या."

बोलणं निघालं होतं. बाईंनीच काढलं होतं. मी ते मोडलं.